आज पिठल्यावर भागवू

माघ वद्य सप्तमी हा गजानन महाराजांचा प्रकटदिन. संभाजीनगरच्या गारखेडा भागातलं महाराजांचं मंदिर पुंडलिकनगरपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्यामुळे त्या दिवशी या वस्तीतल्या भाविक घरांत बेत काय, हे विचारावं लागत नाही. पिठलं, ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, हिरवी मिरची, कांदा. ताट देवापुढे ठेवायचं, भोवती पाणी फिरवायचं, हात जोडायचे आणि मग पहिला घास मोडायचा. महिन्याभराने त्याच घरात, एखाद्या मंगळवारी रात्री पावणेआठला तेच पिठलं होतं आणि शेजारणीला सांगताना आवाज खाली येतो. "आज काही केलं नाही बाई, पिठल्यावरच भागवलं."

पदार्थ एक, हात तेच, कढईही तीच. एका दिवशी तो नैवेद्य आणि एरवी कबुलीजबाब. हा फरक कुठून आला?

पुंडलिकनगरच्या रात्रीच्या जेवणाची वेळ घड्याळापेक्षा शिफ्टवर ठरते. कुणी वाळूजहून अख्खं शहर ओलांडून येतं, कुणी चिकलठाण्याच्या, कुणी शेंद्र्याच्या कंपनीतून. कुणाचं दुकान नऊला बंद होतं, कुणाच्या मुलांचा क्लास साडेसातला सुटतो. नवरा-बायको दोघंही कामावर जाणारी घरं आता नवलाची राहिलेली नाहीत. शिवाय या शहरात एक जादा अडचण आहे, ती पुण्या-मुंबईच्या पाककृतींच्या पुस्तकांत सापडणार नाही. नळाला पाणी कित्येक दिवसांनी एकदा येतं. पैठणचा नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर भरलेला असला तरी इथली गृहिणी टाकीतलं पाणी पाहून ठरवते की आज कुकर, कढई, तवा आणि परात अशी चारही भांडी खरकटी करायची की एकट्या पातेल्यात वरणफळं टाकायची. रात्रीच्या झटपट जेवणामागे वेळेची टंचाई असते तशी पाण्याचीही.

तरी टोचणी राहतेच. तिचं एक मूळ आपल्या जेवणाआधीच्या श्लोकात आहे. शाळेच्या मधल्या सुट्टीत डबा उघडण्याआधी मुलांकडून म्हणून घेतला जाणारा, समर्थांच्या नावाने चालत आलेला हा श्लोक सांगतो की जेवण म्हणजे नुसतं पोट भरणं नव्हे, ते यज्ञकर्म आहे. लहानपणी हे पाठ होतं आणि मोठेपणी मनात कुठेतरी हिशेब सुरू होतो. जेवण जर यज्ञ, तर वीस मिनिटांत उरकलेलं जेवण हा अर्धवट यज्ञ झाला का? दोन शिट्ट्यांची खिचडी ही देवाच्या दारातली पळवाट तर नाही?

याचं उत्तर शोधायला ज्यांनी यज्ञाचा सर्वांत काटेकोर विचार केला, त्या मीमांसकांकडे जावं लागतं. मीमांसक म्हणजे कर्मकांडाचे वकील. विधीतल्या एकेका तपशिलावर पानंच्या पानं खल करणारे. त्यांच्याकडून सवलत मिळेल अशी अपेक्षा कुणी करणार नाही. पण जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात नेमका हाच प्रश्न येतो. एखाद्याला विधीची सगळी अंगं साधली नाहीत, तर त्याने ते कर्म करावं की सोडून द्यावं? उत्तर दोन भागांत आहे. स्वर्ग, पुत्र, पाऊस असं काही मागण्यासाठी केलेलं काम्य कर्म सर्व अंगांसह पुरं झालंच पाहिजे. मागणं मोठं, तर तयारीही पुरी हवी. पण रोज करायचं नित्य कर्म जमेल तेवढ्या अंगांनिशी करावं. मुख्य कर्म झालं पाहिजे, बाकीचं यथाशक्ति. अंगं साधत नाहीत म्हणून नित्य कर्मच टाकणं हा मोठा दोष.

त्यांचं नेहमीचं उदाहरण अग्निहोत्राचं. सोमयागाला दिवसच्या दिवस लागतात, ऋत्विजांचा ताफा लागतो. अग्निहोत्र हा मात्र सकाळ-संध्याकाळ दुधाची आहुती देण्याचा छोटासा विधी. तो थोडक्यात होतो, पण आयुष्यभर करायचा असतो. वैदिक परंपरेला रोजचं आणि सणाचं यांतला फरक चांगला कळत होता. आपण मात्र तो विसरलो आणि मंगळवारच्या रात्रीला दिवाळीचं माप लावून बसलो. पुरणपोळी, कटाची आमटी, डाव्या-उजव्या बाजूंनी भरलेलं ताट हे नैमित्तिक. पिठलं-भाकरी हे नित्य. कोशिंबीर झाली नाही, पापड तळला नाही, म्हणून मंगळवारचं जेवण अपुरं ठरत नाही. कोशिंबीर हे अंग आहे.

मग मुख्य कर्म कोणतं? इथे खरी गंमत आहे, कारण अन्नाबद्दलची जुनी वचनं चाळली तर पाककृतीबद्दल ती जवळजवळ गप्प आहेत आणि वाट्याबद्दल फार बोलकी. तैत्तिरीय उपनिषदातली भृगुवल्ली अन्नाला ब्रह्म म्हणते आणि लगेच व्रतं सांगते: अन्नाची निंदा करू नये, अन्न टाकू नये, अन्न पुष्कळ करावं, दारी आलेल्याला परत पाठवू नये. गीतेचा तिसरा अध्याय म्हणतो की यज्ञातून उरलेलं खाणारे पापातून सुटतात आणि केवळ स्वतःसाठी शिजवणारे पाप खातात. किती वेळ शिजवलं, किती पदार्थ केले, याचा उल्लेख नाही. कुणासाठी शिजवलं, एवढंच विचारलं आहे. मनुस्मृतीने गृहस्थाला सांगितलेल्या पाच महायज्ञांतही हाच सूर आहे. देव, पितर, अतिथी, प्राणिमात्र यांचा वाटा आधी, आपलं पान नंतर. पुंडलिकनगरात गायीसाठी भाकरीचा पहिला चतकोर बाजूला काढणारी घरं आहेत. उरलेली पोळी गच्चीवर कावळ्यासाठी कुस्करणारीही आहेत. हा महायज्ञ आहे असं त्यांना कुणी सांगितलं, तर ती हसतील.

आता आक्षेप. गीतेचा सतरावा अध्याय अन्नाचे सात्त्विक, राजस, तामस असे प्रकार करतो आणि प्रहर उलटून गेलेलं, शिळं, उष्टं अन्न तामसात टाकतो. ज्ञानेश्वरी लिहिली गेली नेवाशाला, इसवी सन १२९० मध्ये. नेवासे संभाजीनगरहून फार लांब नाही. तिथे या श्लोकावर बोलताना ज्ञानदेवांनी तामस माणसाची चांगलीच खबर घेतली आहे: ताजं अन्न समोर असताना हा ते दुपारपर्यंत किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून खाणार. फ्रिजमध्ये मळून ठेवलेली कणीक आणि सकाळच्या भाताला रात्री दिलेली फोडणी या कसोटीवर कशी उतरेल?

एका प्रहराचा नियम अक्षरशः लावला, तर निकाल उलटाच लागतो. पाऊण तासात शिजून पानात पडलेली खिचडी शुद्ध सात्त्विक. आणि पहाटेपासून रांधून, झाकून, पाहुणे दुपारी दोनला आले म्हणून तेव्हा वाढलेलं मेजवानीचं ताट संशयास्पद. शिवाय परंपरेने शिळ्यालाही एक मानाचा दिवस दिलेला आहे. श्रावणातल्या शीतला सप्तमीला चूल पेटवायची नसते, आदल्या दिवशी केलेलं थंड अन्नच खायचं असतं. चुलीची पूजा होते आणि तिला सुट्टी मिळते. चुलीला मिळते म्हणजे चुलीपुढे बसणारीलाही मिळते, हे मात्र कहाणीत कुणी मोठ्याने म्हणत नाही. आणि गजानन महाराज? २३ फेब्रुवारी १८७८ ला शेगावात ते लोकांना पहिल्यांदा दिसले, ते देविदास पातुरकरांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींतली शितं वेचून खाताना. गीतेच्या यादीत शिळं आणि उष्टं दोन्ही तामस. ज्या महाराजांच्या नावाने वस्तीत पिठलं होतं, त्यांच्या चरित्राची सुरुवातच ही यादी बाजूला ठेवून होते.

छांदोग्य उपनिषदात आहारशुद्धीने चित्तशुद्धी होते असं सांगितलं आहे. तिथे आहार म्हणजे काय, यावर दोन आचार्यांचा मतभेद आहे. रामानुजांनी त्याचा अर्थ अन्न असाच घेतला आणि त्याचे जातीचे, आश्रयाचे आणि निमित्ताचे असे तीन दोष सांगितले. शंकराचार्य म्हणतात, इंद्रियांनी आत घेतलं जातं ते सगळंच आहार. रात्री नऊच्या जेवणाला शंकराचार्यांचं भाष्य जास्त लागू पडतं. पानात साधा वरणभात, तूप, लिंबाची फोड. आणि समोरच्या मालिकेत सासू सुनेच्या दुधात काहीतरी कालवते आहे. दोषाची चौकशी नेहमी पानातल्या अन्नाची होते, पडद्याची कुणी करत नाही.

रामानुजांचा आश्रयदोष, म्हणजे अन्न कुणाच्या हातचं आहे हा विचार, पुढे कुठे घसरला हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या हातचं नाही, यावर शतकं गेली. विवेकानंदांनी १८९७ मध्ये परदेशाहून परतल्यावरच्या भाषणांत चिडून सांगितलं होतं की आपला धर्म स्वयंपाकघरात शिरून बसला आहे. म्हणूनच "घरच्या स्वयंपाकाचं पावित्र्य" हे शब्द जपून वापरावेत. त्यांच्या पोटात प्रेमही असतं आणि विटाळही. पोळी-भाजी केंद्रातून रात्री दहा पोळ्या आणणाऱ्या बाईला कुणी नाक मुरडलं, तर ते नक्की कशासाठी, हे विचारावं. त्या केंद्रात परातीपुढे उभी असलेली बाईही उद्या आपल्या घरी उशिरा पोचून भाकरी थापणार असते.

वेळेच्या घाईला आळस समजणं हेही तितकंसं खरं नाही. या शहरातली चौविहार पाळणारी जैन कुटुंबं सूर्य मावळायच्या आत जेवतात. नोकरी करणाऱ्याला संध्याकाळचा डबा बरोबर न्यावा लागतो किंवा धावत घर गाठावं लागतं. रमजानमध्ये मगरिबच्या अजानला खजूर हातात हवा. इथल्या डोंगरातल्या लेण्यांत राहिलेल्या बौद्ध भिक्खूंना दुपारनंतर जेवणच वर्ज्य होतं, आणि जे भिक्षापात्रात पडेल ते खायचं. बेत ठरवण्याचा प्रश्नच नाही. घड्याळ लावून जेवणं ही कारखान्यांनी आणलेली विकृती नव्हे, धर्मांनी ती फार आधी आणली.

आणि झटपट म्हणजे हलकं, हेही मराठवाड्याला लागू पडत नाही. या भागाचं येसर पाहा. गहू, हरभऱ्याची डाळ, धने आणि मसाले भाजून दळलेलं हे पीठ डब्यात भरलेलं असतं. प्रमाण घरागणिक वेगळं, आणि प्रत्येक घराला आपलंच बरोबर वाटतं. रात्री फोडणी करायची, पाणी ओतायचं, उकळी फुटली की पाण्यात कालवलेलं येसर सोडायचं, मीठ, कोथिंबीर, दहा-पंधरा मिनिटांत आमटी तयार. बाजारात पाकिटातली तयार मिश्रणं येण्याच्या कितीतरी आधीची ही सोय. आणि हीच येसर आमटी मराठवाड्यातल्या लग्नाच्या पंगतीत मानाने वाढली जाते. १९९५ मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर द्यायचं ठरवलं, तेव्हा राज्याच्या भुकेचं प्रतीक म्हणून निवडला तोही असाच एक रात्रीचा भागवाभागवीचा पदार्थ.

इथपर्यंत झटपट जेवणाची बाजू भक्कम आहे. पण यज्ञाची उपमा एकदा घेतली की ती पुरी घ्यावी लागते, आणि तिथे घराघरांतला हिशेब चुकतो. यज्ञात यजमान असतो, त्याला फळ मिळतं. ऋत्विज असतात, त्यांना दक्षिणा मिळते. रात्रीच्या जेवणाच्या यज्ञात श्लोक म्हणणारे यजमान पाटावर बसलेले असतात. गॅसपुढे उभी असलेली बाई ना यजमान, ना ऋत्विज. मनुस्मृतीने गृहस्थाची पाच हिंसास्थानं सांगितली आहेत: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ, पाण्याचा घडा. यांच्यापायी कळत-नकळत जीव मरतात, म्हणून गृहस्थाने पंचमहायज्ञ करून प्रायश्चित्त घ्यावं. यादी पुन्हा वाचून पाहा. पाचांपैकी एक तरी वस्तू गृहस्थाच्या हातात कधी होती?

२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं की दिवसभरात बिनपगारी घरकाम स्त्रियांपैकी सुमारे ८१ टक्के करतात आणि पुरुषांपैकी २६ टक्के. जे करतात त्यांच्यातही स्त्रियांची सरासरी २९९ मिनिटं, पुरुषांची ९७.

पैठणच्या एकनाथांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. श्राद्धाचा स्वयंपाक झाला, त्याचा वास रस्त्याने जाणाऱ्या महार कुटुंबाला आला, नाथांनी त्यांना बोलावून पोटभर जेवू घातलं. ब्रह्मवृंद रागावला, पुन्हा स्वयंपाक करूनही जेवायला आला नाही आणि नाथांचे पितर स्वतः येऊन जेवले. मुख्य कर्म कोणतं आणि अंग कोणतं, हे इतक्या ठामपणे सांगणारी दुसरी गोष्ट मराठीत क्वचितच असेल. पण कीर्तनात एक वाक्य घाईने निघून जातं: नाथांनी पुन्हा स्वयंपाक करायला सांगितलं. तो गिरिजाबाईंनी केला. वडे, खीर, भाज्या, सगळं त्याच दिवशी दुसऱ्यांदा, पुन्हा सोवळ्याने. भुकेल्याला घास देण्याचं पुण्य नाथांच्या नावावर आहे. दुसऱ्यांदा पेटलेल्या चुलीचं कुणाच्या?

वारकरी परंपरेने याचं उत्तर आपल्या पद्धतीने दिलेलं आहे, फक्त आपण ते चमत्कार म्हणून ऐकतो. नाथांच्या वाड्यात देवाने श्रीखंड्या होऊन बारा वर्षं पाणी भरलं, चंदन उगाळलं. जनाबाईच्या जात्याला देवाने हात लावला. विठोबा विटेवर थांबला तो पुंडलिकाचं आईबापांचं करून व्हायचं होतं म्हणून. घरचं काम चालू असताना ताटकळायची त्याची तयारी होती. या देवाला घरकामाची लाज नाही. त्याच्या माळकऱ्याला मात्र रात्री स्वतःचं ताट उचलून मोरीत ठेवायला जड जातं.

बाहेरच्या देशांतल्या मठांनी हा प्रश्न नियमाने सोडवायचा प्रयत्न केला. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने आपल्या मठासाठी नियम लिहिले, त्यातलं पस्तिसावं प्रकरण स्वयंपाकघराचं. आठवड्याची पाळी लावायची. आजारी किंवा महत्त्वाच्या कामात गुंतलेल्या भावाखेरीज कुणालाही सूट नाही. शनिवारी पाळी संपवणाऱ्याने साफसफाई करायची, पंचे धुवायचे, भांडी स्वच्छ आणि अखंड परत करायची. जपानचा झेन गुरू दोगेन याने १२३७ मध्ये मठातल्या आचाऱ्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात तो तरुणपणीची आठवण सांगतो. चीनच्या बंदरात त्याला एक म्हातारा भिक्खू भेटला, मठाच्या स्वयंपाकासाठी अळंबी विकत घ्यायला मैलोन् मैल चालत आलेला. दोगेनने विचारलं, एवढ्या वयात ध्यान, अध्ययन सोडून हे कशाला? म्हातारा मोठ्याने हसला आणि म्हणाला, तुला साधना म्हणजे काय हे अजून कळलेलं दिसत नाही. आणि थांबायचा आग्रह मोडून परत गेला, कारण दुसऱ्या दिवशीचं जेवण त्याच्याकडे होतं.

दोगेनच्या त्या आचाऱ्याला मठात मानाचं पद होतं, बेनेडिक्टच्या मठात पाळी होती. पुंडलिकनगरच्या ओट्यापुढे दोन्ही नाही. म्हणून तिथली झटपट खिचडी ही खरं तर धर्माची तडजोड नसून एकटीने चालवलेल्या यज्ञाची काटकसर आहे. तिच्यावर बोट ठेवण्याचा अधिकार फक्त त्याला, जो त्या रात्री कांदा चिरायला उभा होता.

तेव्हा जेवणाआधी जो श्लोक म्हणतो, त्याने आठवड्यातल्या दोन रात्री तरी पिठलं स्वतः करावं, ही विनंती. कढईत तेल जरा सढळ घ्यावं. मोहरी तडतडली की जिरं, ठेचलेला लसूण, मिरची, कांदा, हळद. पाणी ओतून मीठ घालावं आणि खळखळून उकळी येऊ द्यावी. मग एका हाताने बेसन बारीक धारेने वैरावं आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहावं. हात थांबला की गाठी होतात. झाकण ठेवून दोन वाफा आणाव्या. भाकरी थापायला जमेपर्यंत पोळ्या केंद्रातून आणल्या तरी चालतील. पहिल्या दोन-चार वेळा गाठी होतीलच, त्या रवीने मोडाव्यात. आणि कढई लगेच पाण्यात भिजत घालावी. पिठलं वाळलं की ती घासायला दुप्पट पाणी लागतं, आणि नळाचा दिवस अजून लांब असतो.